‘लकी’ बोलताना अडतो तो कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘लकी’चा अर्थ माहीत आहे, कानावर पडला की कळतो, पण स्वतः बोलताना ‘आय ॲम व्हेरी लकी’ याच्यापुढे गाडी सरकत नाही, मग हा शब्द सहजपणे कसा वापरायचा? मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. हा शब्द माझ्या फार आवडीचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

‘आय ॲम व्हेरी लकी’ हे वाक्य बरोबरच आहे, फक्त अर्धवट आहे. ऐकणारा वाट बघत राहतो की बाबा, कशाबद्दल? आता आपण मराठीत काय बोलतो ते आठवा. ‘मी नशीबवान आहे’ असं सुटं वाक्य आपल्या तोंडून क्वचितच निघतं. आपण म्हणतो, ‘नशीब, छत्री होती’, ‘नशीब बलवत्तर म्हणून वाचला’, ‘वेळेत आलास हे नशीब’. दर वेळी काहीतरी घडलेलं असतं आणि नशीब त्या घटनेला जोडून येतं. रोजच्या इंग्रजीत ‘लकी’ नेमकं हेच काम करतो. फक्त आपलं ‘नशीब’ वाक्याच्या तोंडाशी एकटं उभं राहू शकतं, ‘लकी’ला मात्र सहसा आधी कर्ता लागतो आणि पुढे घटना जोडायला एखादा दुवा लागतो. तुमची गाडी त्या दुव्यापाशी अडते आहे.

सगळ्यात जास्त चालणारा दुवा म्हणजे ‘टू’. ‘आय वॉज लकी टू गेट अ सीट’, म्हणजे नशिबाने बसायला जागा मिळाली. इथे ‘वॉज’कडे लक्ष द्या. गोष्ट एकदा घडून गेली असेल तर भूतकाळ, आणि अजून चालू असेल तर वर्तमानकाळ: ‘आय ॲम लकी टू हॅव गुड नेबर्स’, शेजारी चांगले आहेत, आजही आहेत. काल घडलेल्या गोष्टीसाठी ‘आय ॲम लकी टू गेट’ म्हटलं तर अर्थ पोचतो, पण कानाला खटकतं. ‘लकी इनफ टू’ हेही असंच, थोडं नम्र वळणाचं. ‘आय वॉज लकी इनफ टू मीट हर’ म्हणजे त्यांना भेटायचा योग आला. या ‘इनफ’चा ‘पुरेसा’ असा शब्दशः अर्थ लावत बसू नका.

दुसरा दुवा ‘दॅट’. पुढे पूर्ण वाक्य यायचं असेल तर हा घ्यायचा, आणि बोलताना तो बहुतेक वेळा गळूनच जातो. ‘इट्स लकी यू कॉल्ड’, म्हणजे ‘नशीब, तू फोन केलास’. आपल्या बोलण्याच्या सगळ्यात जवळची रचना हीच, म्हणून सुरुवात इथून करा असं मी सांगेन. एकट्या ‘नशीब’सारखा वाक्याच्या तोंडाशी येणारा शब्दही इंग्रजीत आहे, तो म्हणजे ‘लकिली’: ‘लकिली, आय हॅड अ स्पेअर की’, नशीब, जास्तीची किल्ली होती. हवा, डॉक्टर, सहकारी अशा गोष्टींच्या बाबतीत नशिबाने साथ दिली असेल तर ‘विथ’ येतो: ‘वी वर लकी विथ द वेदर’.

आता ज्या जागी मराठी बोलणारे हमखास घसरतात ती जागा. ‘त्याला लागलं नाही हे नशीब’ हे इंग्रजीत कसं म्हणाल? आपला नकार क्रियापदाला चिकटून येतो आणि ‘नशीब’ त्याच्यापासून दूर, वेगळं उभं असतं. इंग्रजीत बोलताना घाईत तो नकार ‘वॉज’ला लावला जातो आणि तयार होतं ‘ही वॉज नॉट लकी टू गेट हर्ट’. याचा अर्थ काहीतरी भलताच होतो, जणू लागणं हीच भाग्याची गोष्ट होती आणि ती याच्या वाट्याला आली नाही! बरोबर वाक्य आहे ‘ही वॉज लकी नॉट टू गेट हर्ट’. ‘नॉट’ची जागा एका शब्दाने सरकली की अर्थ पार बदलतो. तो नशीबवान होताच. नकार आहे तो लागण्याला. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, ‘लकी’नंतर किंचित थांबा, मग ‘नॉट टू’ एका दमात म्हणा. जीभ एकदा वळली की ‘वी वर लकी नॉट टू मिस द ट्रेन’ आपोआप येतं. याच साच्यात ‘अनलकी’ घातला की खेळाच्या समालोचनात ऐकू येणारं वाक्य मिळतं: ‘शी वॉज अनलकी नॉट टू विन’. ती जिंकायला हवी होती, खेळ तसा झाला होता, नशिबाने दगा दिला. हरलेल्याचा इतका सन्मान करणारी वाक्यं फार थोडी असतील.

व्याकरण जमलं तरी एक गोष्ट जपायला हवी. ज्याने मेहनतीने काही मिळवलं त्याला ‘यू आर सो लकी’ म्हणू नका. माझ्या वर्गात एकीने नोकरी सांभाळून, रात्री जागून अवघड परीक्षा पास केली होती. शेजारच्या मुलाने अगदी मनापासून, आनंदाने तिला ‘यू आर व्हेरी लकी’ म्हटलं. ती हसली, पण मग वही चाळत बसली, बराच वेळ बोलली नाही. त्याला म्हणायचं होतं ‘छान झालं’, तिला ऐकू आलं ‘तुझं काय, नशिबाने झालं’. तिथे ‘यू डिझर्व्ह इट’ किंवा ‘वेल डन’ हवं. उलट स्वतःच्या यशाबद्दल ‘आय गॉट लकी’ म्हणणं हा विनय समजला जातो. एकच शब्द, स्वतःला लावला तर शोभतो, दुसऱ्याला लावला तर बोचतो.

वस्तूंना ‘लकी’ लावताना दोन वेगळे अर्थ निघतात. ‘लकी नंबर’ म्हणजे आपल्याला लाभणारा आकडा. ‘लकी गेस’ म्हणजे नशिबाने बरोबर आलेला अंदाज. तो कोणाला लाभत वगैरे नाही. ‘लकी एस्केप’ म्हणजे थोडक्यात वाचणं, तोही ‘लकी गेस’च्याच जातीचा. संदर्भाने हे लगेच कळतं, पाठ करायची गरज नाही.

‘फॉर्च्युनेट’बद्दल थोडक्यात. तो औपचारिक, जरा गंभीर. भाषणात, पत्रात तो घ्या. मित्राशी बोलताना ‘लकी’च बरा. एक ठिकाण मात्र नक्की लक्षात ठेवा: ज्यांना आयुष्यात कमी मिळालं त्यांना ‘अनलकी पीपल’ म्हणत नाहीत, ‘लेस फॉर्च्युनेट’ म्हणतात.

जाता जाता, शब्दांची नाती ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी. ‘लक’ हा शब्द साधारण 15व्या शतकात डच आणि लो जर्मन बोलींकडून इंग्रजीत आला. त्याआधी तिथे योगायोगासाठी ‘हॅप’ होता, आणि ‘हॅपन’, ‘परहॅप्स’, ‘हॅपी’ हे तिन्ही त्याच्यापासून निघाले. म्हणजे ‘हॅपी’चा जुना अर्थच मुळी नशीबवान! आपलं ‘नशीब’ अरबीतलं, मूळ अर्थ वाटा. म्हणून तर ते आपल्या ‘वाट्याला’ येतं.

शेवटी सूर. ‘जस्ट माय लक’ ऐकलंत तर समोरच्याचं काहीतरी बिघडलंय असं समजा. हे आपलं ‘माझं नशीबच असं’. ब्रिटिश माणूस ‘यू विल बी लकी’ म्हणाला तर तो शुभेच्छा देत नाहीये, ‘विसरा, ते काही होत नाही’ असं सांगतोय. ‘यू आर लकी आय डिडन्ट टेल एनिवन’ ही चक्क तंबी असते. आणि ‘गेट लकी’ला तरुणांच्या बोलण्यात शरीरसंबंधाचा अर्थ आहे, तेव्हा सहकाऱ्याला ‘आय होप यू गेट लकी टुनाइट’ म्हणू नका, ‘गुड लक’ म्हणा. तुमच्या सुट्टीबद्दल ऐकून कोणी ‘लकी यू!’ म्हणालं, तर तो प्रेमळ हेवा आहे. हसून ‘आय नो!’ म्हणा, तेवढं उत्तर पुरतं.