ड्युसेलडॉर्फ की म्युनिक? मराठी-जपानी घरासाठी एक लांबलचक उत्तर

तुमचे प्रश्न मी समजले ते असे. कंपनी ड्युसेलडॉर्फ किंवा म्युनिक यांपैकी एक ऑफिस निवडायला सांगते आहे. वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, जपानमधल्या ओकायामाच्या, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मुलं आईशी जपानी बोलतात, पुण्यात बाकी सगळ्यांशी मराठी. जर्मनीत गेल्यावर जपानी टिकेल का, वहिनींना माणसं मिळतील का, मुलीला जपानी शाळेत घालावं का, आणि मराठीचं काय?

आमच्या घरी मांडणी उलटी आहे: नवरा जपानी आणि मी साताऱ्याची. पण प्रश्न हेच होते, म्हणून आधी माझं मत सांगून टाकते. ड्युसेलडॉर्फ घ्या. मुलीला जर्मन शाळेत घाला, शनिवारी जपानी शाळेत पाठवा. आणि घर जपानी वस्तीच्या अगदी पोटात घेऊ नका.

ड्युसेलडॉर्फची जपानी वस्ती कशामुळे झाली हे कळलं की तिचा स्वभावही कळतो. १९५०च्या दशकात जपानी व्यापारी कंपन्या इथे आल्या त्या रूर खोऱ्यातल्या पोलाद, यंत्रं आणि रसायनांसाठी. मागोमाग बँका आल्या, १९६४मध्ये जपानी क्लब झाला, १९७१मध्ये शाळा. आज शहरातच सात-आठ हजार जपानी लोक राहतात. म्हणजे ही वस्ती बदलीच्या नोकऱ्यांवर उभी आहे, आणि तिचे दोन थर आहेत. पहिला थर ‘चूझाई’ कुटुंबांचा, म्हणजे कंपनीने तीन ते पाच वर्षांसाठी पाठवलेल्यांचा. भाडं बऱ्याचदा कंपनी भरते, घरं ऱ्हाईनच्या डाव्या काठावर ओबरकासेल, नीडरकासेल, लोरिक या भागांत, मुलं जपानी शाळेत, आणि आयांचं अर्धं लक्ष परतल्यावरच्या प्रवेश परीक्षांकडे. दुसरा थर कायमच्या राहिलेल्यांचा: आचारी, केस कापणारे, संगीत शिकायला येऊन इथेच रमलेले, जर्मनांशी किंवा आपल्यासारख्यांशी लग्न केलेले.

वहिनींची माणसं दुसऱ्या थरात मिळतील. पहिल्या थरातल्या बायका मदतीला तत्पर असतात, डॉक्टरपासून डब्याच्या पेटीपर्यंत सगळं सांगतात. पण मार्च आला की बदल्यांची पत्रं येतात आणि जिच्याशी नुकतं मन जुळलं तीच निरोपाची भेटवस्तू हातात ठेवते. दर वसंतात हे सोसायची तयारी हवी. शिवाय पुण्यात वहिनी बहुधा सोसायटीतल्या एकट्या जपानी असतील. जपानी शिकणारी मराठी मुलंमुली आदराने घरी येत असतील, चूक झाली तरी ‘परदेशी आहेत’ म्हणून सोडून देत असतील. इथे त्या अनेकांतल्या एक होतील, आणि जपानी बायकांच्या गटाचे अलिखित नियम त्यांना पुन्हा पाळावे लागतील. काहींना त्यात माहेर सापडतं, काहींना धाप लागते. आमच्या ओळखीत दोन्ही आहेत. म्हणून म्हणते, घर थोडं बाजूला घ्या. शेजारचं मेअरबुश बघा: यू ७६ ट्राम तिथून थेट ओबरकासेलवरून मुख्य स्टेशनला जाते. ओबरकासेलची भाडी तशीही आपल्या पगारदारांच्या कामाची नाहीत.

आता शाळा. जर्मनीत पूर्णवेळ जपानी शाळा पाच शहरांत आहेत: बर्लिन, हँबुर्ग, फ्रँकफुर्ट, म्युनिक आणि ड्युसेलडॉर्फ. तिथे जपानचाच अभ्यासक्रम, वर्ष एप्रिलमध्ये सुरू, आणि इयत्ता पहिली ते नववी. अडचण या ‘नववी’ची आहे. पुढे जपानला परत जायचं असेल तर उत्तम. तुम्ही मात्र इथे स्थायिक व्हायचं म्हणताय. मग पंधराव्या वर्षी, मोडकं जर्मन घेऊन, मुलगी कुठे जाणार? महागड्या इंटरनॅशनल शाळेशिवाय फारसं काही उरत नाही.

जर्मन शाळेची अडचण वेगळी. ड्युसेलडॉर्फ ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात: गिम्नाझिउम (विद्यापीठाच्या वाटेची), रिआलशूले (मधल्या पातळीची), गेझाम्टशूले (एकत्रित). तुमची मुलगी नेमकी त्या वळणावर पोचते आहे. नव्याने आलेल्या मुलांना शाळा जर्मनची जादा शिकवणी देतात, पण एका वर्षात चमत्कार होत नाही. गेझाम्टशूलेला नाक मुरडू नका. तिथे सगळ्या कुवतीची मुलं एकत्र शिकतात आणि पुढे बारावीसारखी आबिटूर परीक्षाही देता येते. ‘गिम्नाझिउमच हवं’ हा हट्ट मी आपल्या लोकांतच जास्त पाहिला आहे. धाकट्याला सरळ जर्मन बालवाडीत घाला. जपानी बालवाड्या इथे आहेत आणि मोह होईल, पण चार वर्षांच्या मुलाला जपानी आईकडून मिळतंय, जर्मन मात्र घरात कोणाकडूनच मिळणार नाही.

शनिवारच्या जपानी शाळेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळा डोलारा तिच्यावर आहे. ती परदेशी मुलांना जपानी शिकवायचा क्लास नाही. जपानमधल्या त्या-त्या इयत्तेचं भाषेचं पुस्तक आठवड्यातल्या एका दिवसात बसवायचा प्रयत्न आहे. जपानमध्ये पहिलीला ८० कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं) असतात, तिसरीला २००, चौथीला २०२, सहावीपर्यंत एकूण १,०२६. आईशी फाडफाड बोलणारी मुलगी इथे अडते ती वाचनापाशी. तेव्हा पुण्यात आहात तोवरच वहिनींना तिची तिसरीपर्यंतची कांजी पक्की करून घ्यायला सांगा. इयत्तेची गणनाही नीट बघा: जपानमध्ये वर्गाची सीमा २ एप्रिलला बदलते, इथे ३० सप्टेंबर धरतात, त्यामुळे एकच मूल दोन शाळांत दोन वेगळ्या इयत्तांत असू शकतं.

आणि हे खास तुमच्यासाठी: अशा शाळा पालकांच्या पाळ्यांवर चालतात. दारावर थांबणं, पुस्तकं देणं-घेणं, कार्यक्रमाला खुर्च्या लावणं. तुम्ही जा. जपानी कच्चं असलं तरी जा. बिगरजपानी बाप पाळीला आला की मिश्र घरातली बाकीची मंडळी आपोआप बोलायला येतात. माझ्या नवऱ्याच्या ऐवजी मी जायला लागले तेव्हाच आमच्या ओळखी झाल्या. शुक्रवारी रात्री गृहपाठावरून रडारड होणार, तीही गृहीत धरा. जर्मन मैत्रिणीचा वाढदिवस नेमका शनिवारी असतो, त्यावर एकच उपाय: वर्षातून काही शनिवार बिनबोभाट सोडायचे.

म्युनिकपेक्षा ड्युसेलडॉर्फ का, याचं एक कारण कोणी सांगत नाही: सुट्ट्या. परदेशी वाढणाऱ्या मुलांना आजोळच्या सरकारी शाळेत काही आठवडे बसू देण्याची पद्धत जपानमध्ये आहे. मुख्याध्यापक आणि गावचं शिक्षण मंडळ तयार असलं की झालं. पुस्तकी शिक्षणापेक्षा ते मोलाचं, कारण तिथे जपानी ही आईची भाषा राहत नाही, वर्गातल्या पोरांची होते. आता जपानच्या शाळा साधारण २० जुलैच्या सुमारास बंद होतात. म्युनिकच्या बव्हेरिया राज्याची उन्हाळी सुट्टी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला लागते, म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा शाळेला कुलूप. इथे ड्युसेलडॉर्फकडे तारीख दर वर्षी सरकते: २०२३मध्ये २२ जूनला सुट्टी लागली, ओकायामाच्या वर्गात जवळजवळ महिना मिळाला असता. २०२६मध्ये मात्र ती २० जुलैला, म्हणजे काही उपयोग नाही. अशा वर्षी ऑक्टोबरची दोन आठवड्यांची सुट्टी वापरायची, तेव्हा जपानी शाळा ऐन भरात असतात. न्याय म्हणून सांगते, म्युनिकवाल्यांना मे-जूनमध्ये दोन आठवडे मिळतात. पण चार दिवस आधी शाळा बुडवून निघायचं मनातही आणू नका, इथे त्याला दंड होतो.

संस्कृतीचं म्हणाल तर सगळे तुम्हाला जपान दिवस सांगतील. मे-जूनच्या सुमारास नदीकाठी होतो, लाखो लोक, रात्री जपानी आतषबाजी. जरूर जा, मुलांना आवडेल. पण तिथे ओळखी होत नाहीत, आणि गर्दीत कार्टूनच्या वेषातली जर्मन पोरं जास्त. त्यापेक्षा नीडरकासेलचं एको-हाऊस गाठा. जोदो शिनशू या जपानी बौद्ध पंथाचं देऊळ (१९९३चं), बाग, चहाची खोली आणि बालवाडी, असं सगळं एका आवारात. एप्रिलमधला बुद्धजन्माचा फुलांचा सण आणि उन्हाळ्यातलं पितरांचं ओबोन तिथे होतं. आपल्या मुलांना पितृपक्ष आणि ओबोन यांतलं साम्य समजावून सांगावंही लागत नाही.

खाण्याची चिंता सोडा. मुख्य स्टेशनमधून बाहेर पडलं की इमरमानश्ट्रासे. तिथल्या पाटीवर २०२१पासून जपानी लिपीतही रस्त्याचं नाव आहे. मिसो, नात्तो (आंबवलेले सोयाबीन), माशांचे वाळवलेले काप, सगळं मिळतं. तकागीच्या जपानी पुस्तकदुकानात मुलांना मोकळं सोडा आणि पाकीट सांभाळा. फोडणीचं सामान भारतीय दुकानांत आहेच.

कागदपत्रांत वहिनींचं काम तुमच्यापेक्षा सोपं आहे. जपानी पासपोर्टवर त्या व्हिसाशिवाय येऊन इथूनच राहण्याचा परवाना मागू शकतात, तुम्हाला भारतातून व्हिसा घेऊनच यावं लागेल. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे जपानी दूतावासात निवासाची नोंद करायची. ड्युसेलडॉर्फमध्ये त्यांचा महावाणिज्य दूतावास आहे, तिथेच मुलांच्या पाठ्यपुस्तकांची चौकशी करा. जर्मनीने २०२४पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं म्हणून कोणी उत्साहाने सुचवेल. जपान आणि भारत दोघेही ते मानत नाहीत. स्वतःहून जर्मन नागरिकत्व घेतलं की जुनं जातं. आणि हो, जपानी लायसन्स इथे परीक्षेशिवाय बदलून मिळतं, भारतीय मिळत नाही. पहिलं वर्ष गाडी वहिनी चालवतील.

राहिली मराठी. खरं सांगू? धोका जपानीला नाही, मराठीलाच आहे. जपानीला इथे शाळा आहे, दुकान आहे, देऊळ आहे. मराठीला गणपती, दिवाळीचा फराळ आणि तुम्ही. तुम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजी बोलत असाल तर मुलांशी तरी तुम्ही फक्त मराठीच बोला, वहिनींसमोर, जर्मन पाहुण्यांसमोर, ट्राममध्ये, सगळीकडे. आजी-आजोबांशी रोजचा फोन मुलांनी स्वतः करायचा, तुम्ही मध्ये दुभाषे व्हायचं नाही. लिहायला-वाचायला शिकवण्याचा घाट दोन्ही भाषांत एकदम घालू नका. आम्ही देवनागरी पाचवीनंतर घेतली आणि थोरलीला ती कांजीपुढे इतकी सोपी वाटली की दिवाळी अंकातले विनोद ती महिनाभरात वाचायला लागली.

ऑफिसला कळवायची तारीख कधीची आहे ते लिहा. शनिवारच्या शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा घर ठरायच्या आधी वहिनींनी तिथे जपानीतून चौकशीचं पत्र टाकलेलं बरं.