वाचकांचे प्रश्न: व्हर्बचे टाइप पाठ आहेत, पण वाक्यात सापडत नाहीत

प्रश्न: नमस्कार सर, मी कोथरूडला घरीच सातवी-आठवीचे क्लास घेते. व्हर्बचे टाइप विचारले की मुलं मेन, हेल्पिंग, ट्रान्झिटिव्ह, इनट्रान्झिटिव्ह, लिंकिंग सगळं धडाधड म्हणून दाखवतात, पण वाक्य दिलं की एकमेकांची तोंडं बघत बसतात. अप्पा बळवंत चौकातून दोन-तीन गाईडं आणली, सगळ्यांत त्याच याद्या. कुठून सुरुवात करू?

उत्तर: ताई, गाईडं आधी कपाटात टाका. यादीत 'हॅव' हे हेल्पिंगखाली छापलेलं असतं म्हणून मुलं जिथे हॅव दिसेल तिथे हेल्पिंग लिहून मोकळी होतात, मग 'आय हॅव अ सायकल'मध्येही तेच. फळ्यावर एकच वाक्य लिहा, 'आय डिड नॉट डू माय होमवर्क'. डिड आणि डू एकाच घरातले, पण पहिलं नुसतं मदतीला आलंय आणि दुसरं खरं काम सांगतंय. टाइप शब्दाला चिकटलेला नसतो, त्या वाक्यात तो काय करतो त्यावर ठरतो, एवढं बसलं की निम्मं काम झालं. असे दोन्हीकडे फिरणारे मुख्य तीन, बी, डू आणि हॅव. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही 9 मोडल, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीलाच येणारी, ती सरळ पाठ करून घ्या.

ट्रान्झिटिव्हला, म्हणजे सकर्मकला, मात्र भरपूर वेळ द्या, आणि बिनधास्त मराठीतून शिकवा. 'तिने पोळी खाल्ली' पण 'ती हसली', हा फरक मुलं न शिकवताच करतात. भूतकाळात तिने, त्याने असं आलं आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदललं की बहुतेक वेळा ते सकर्मक. बहुतेक म्हणतोय कारण 'ती डबा विसरली', 'ती धडा शिकली' इथे कर्म असूनही 'ने' नाही, आणि वर्गातलं एखादं चौकस पोरगं हे काढणारच, काढू द्या. मग विचारा, बस स्वारगेटला थांबली आणि ड्रायव्हरने बस थांबवली, हे इंग्लिशमध्ये कसं? आपल्याकडे क्रियापदच बदललं, तिकडे दोन्हीकडे स्टॉप्डच. म्हणून डिक्शनरीत स्टॉपपुढे दोन्ही टाइप दिलेले असतात.

आता ही मराठी कसोटी फसते कुठे तेही सांगतो, कारण मार्क तिथेच जातात. आपण बसची वाट पाहतो, म्हणून मुलं 'आय वेटेड द बस' लिहितात, पण तिकडे 'फॉर' पाहिजे. गाणं ऐकलं, तर 'लिसन्ड टू'. आणि उलटंही होतं, स्वारगेटला पोचलो यातला 'ला' बघून 'रीच्ड टू स्वारगेट', विषयावर चर्चा केली म्हणून 'डिस्कस्ड अबाऊट', दोन्ही चूक, कारण रीच आणि डिस्कस इथे थेट कर्म घेतात. अशा जोड्या वहीच्या मागच्या पानावर साठवायला लावा.

लिंकिंगचा घोटाळा 'काय' विचारल्यामुळे होतो. 'ही बिकेम अ डॉक्टर', काय झाला? डॉक्टर. झालं, मुलं डॉक्टरला ऑब्जेक्ट करून टाकतात! तेव्हा पुढचा प्रश्न विचारायचा, डॉक्टर म्हणजे दुसरं कोणी की तोच? तोच असेल तर लिंकिंग. 'द मिल्क स्मेल्स सॉर'मध्ये स्मेल्स काढून इज ठेवलं तरी वाक्य उभं राहतं, 'शी स्मेल्ड द मिल्क'मध्ये वॉज ठेवा, बाईच दूध होते.

प्रश्न: मुलीने 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' लिहिलं, बाईंनी काट मारली. पण 'आय ॲम हॅविंग लंच' पुस्तकातच आहे की! मग नेमकं काय बरोबर? (एक पालक, पिंपरी)

उत्तर: बाई बरोबर आहेत आणि पुस्तकही. जेवण ही चालू असलेली क्रिया आहे, भाऊ असणं ही स्थिती, आणि स्थिती सांगणाऱ्या व्हर्बला सहसा आयएनजी लावत नाहीत. नो, बिलॉंग, ओन हेही त्यातलेच, म्हणून 'आय ॲम नोइंग हिम' नाही. थिंक दोन्हीकडचं आहे, मत असेल तर 'आय थिंक', डोकं खरंच चालू असेल तर 'आय ॲम थिंकिंग'. बोलताना आपण सगळेच 'हॅविंग' म्हणतो, त्याने कुणाचं अडत नाही, पेपरात मात्र मार्क जातो.