खुन्याची बाजू घेणारे आपण

प्रिय,

खुनाच्या कथा वाचून झोप उडते, तरी पुढचं पुस्तक हातात येतंच. आपल्यात काही बिघाड तर नाही ना, असं तू विचारलंयस. बिघाड नाही. सुरक्षित जागी बसून भीती अनुभवायला माणसाला आवडतं, हे उत्तर तुला कुणीही देईल आणि ते खोटंही नाही. पण तुला छळतंय ते वेगळंच, असं मला वाटतं. वाचताना आपण कुणाची बाजू घेतली, हे मागाहून लक्षात येतं आणि तेच टोचत राहतं.

हिचकॉकचा 1960 सालचा 'सायको' हा चित्रपट आठव. जिच्या जिवाची आपल्याला काळजी वाटत होती, त्या बाईचा खून होतो. मोटेल चालवणारा तरुण न्हाणीघर पुसून काढतो, प्रेत तिच्याच गाडीच्या डिकीत टाकतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. बुडता बुडता गाडी मध्येच थांबते. त्या क्षणी आपल्या मनात येतं, बुड की एकदाची! असं वाटून घ्यायला कुणी सांगितलं होतं? दिग्दर्शकाने त्या पोराला फक्त एक काम दिलं आणि ते सावकाश, बारकाव्यांसह दाखवलं. मन लावून काम करणाऱ्याचं काम फसू नये असं आपल्याला वाटतंच. काम कसलं आहे, हे मन नंतर विचारतं.

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीने तर हे 1866 मध्येच करून ठेवलंय. 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये खुनी कोण ते पहिल्याच भागात कळतं. पुढचे पाच भाग आपण त्या खुन्याच्या, रास्कोल्निकॉव्हच्या, डोक्यात अडकून पडतो. सावकारीण म्हातारीला मारायचं त्याने ठरवलेलं असतं. तिची सावत्र बहीण लिझावेता मात्र अचानक घरात आली म्हणून मरते. पुढे तोच स्वतःशी नवल करतो, की लिझावेताचा विचार आपल्या मनात जवळजवळ येतच नाही. तुझ्या मनात आला होता का? खरं सांग.

म्हणून वाचन सोडू नकोस, फक्त पेन्सिल जवळ ठेव. तुझी सहानुभूती जिथे खुन्याकडे वळली, त्या वाक्याला खूण कर. मग बघ, तिथे लेखकाने काय केलंय: निवेदन 'मी'वर आणलं, बालपणीची जखम दाखवली, की मेलेल्या माणसाला इतकं किळसवाणं रंगवलं की त्याचं जाणं सोयीचं वाटावं? हा तिसरा मार्ग मला आळशीपणाचा वाटतो. बळीला पहिल्या पानावर प्रेत म्हणूनच आणणारी पुस्तकं मी हल्ली अर्ध्यातच ठेवतो.

खऱ्या खुनांवरच्या मालिकांचं मात्र निराळं. तिथल्या लिझावेताचं घर खरोखरचं असतं आणि त्या घरातली माणसं कदाचित तीच मालिका बघत असतात. तिथे हात आखडता घे.

लिझावेता दारात येते तो प्रसंग पुन्हा वाच. खुणा कुठे पडल्या ते कळव.

सस्नेह