सही करताना वाटणारी भीती

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. दर रविवारी उपासना, न चुकता दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला, वर उपास. पण महिनाअखेरीला साहेब खोटी बिलं पुढे सरकवतात आणि तुम्ही सही करता. रात्री रडून क्षमा मागता, ‘पुढच्या वेळी नाही’ म्हणता, आणि पुन्हा तेच. ‘माझं मनच कच्चं आहे का?’ असं तुम्ही विचारलंय.

मला तसं वाटत नाही. तुमचंच एक वाक्य बघा: ‘नोकरी गेली तर मुलांचं कोण बघणार?’ गाठ तिथं आहे. देव बघेल, यावर त्या क्षणी तुमचा भरवसा बसत नाही. आणि ज्याच्यावर भरवसा नाही, त्याचं ऐकणं किती दिवस जमणार?

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा २० वा अध्याय उघडा. पहिली आज्ञा देण्याआधी देव आपली ओळख सांगतो: मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून तुला बाहेर काढलं, तो मी. आधी सुटका, मग आज्ञा. इस्राएल लोकांनी नियम पाळून सुटका कमावली नव्हती. तुम्ही मात्र उपास धरून सहीचं कर्ज फेडू बघताय. ते तुमच्याच्यानं फिटणार नाही, ताई; ख्रिस्ताने ते वधस्तंभावर फेडलंय.

मत्तय २५ मधला तालंतांचा दाखला आठवतो? धनी प्रवासाला जाताना दासांकडे तालंत, म्हणजे मोठी रक्कम, सोपवून गेला. तिसऱ्या दासाने आपला तालंत जमिनीत पुरला. का, तर धनी कठोर आहे म्हणून भ्यालो, असं तो सांगतो. धन्याने त्याला आळशी म्हटलं खरं, पण त्याच्या तोंडून आधी भीतीच निघाली. तुमच्या पत्रातही देव येतो तो शिक्षा करायलाच. मला सर्वांत वाईट त्याचं वाटलं. आपला पुत्र दिला, तोच हा देव ना?

नकार दिलात तर नोकरी टिकेलच, असं मी सांगणार नाही. पवित्र शास्त्रही तसं वचन देत नाही. दानीएल ३ मध्ये राजाने उभारलेल्या मूर्तीला नमला नाहीत तर जळत्या भट्टीत टाकू, अशी धमकी शद्रख, मेशख आणि अबेद्नगो या तिघांना मिळते. ते राजाला सांगतात, आमचा देव भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि नाही सोडवलं, तरी तुमच्या मूर्तीला नमणार नाही. काय होणार हे ठाऊक नसताना ते देवाला धरून उभे राहिले.

घरी सगळं सांगा. पाळकांना विश्वासात घ्या. आधीच्या सह्यांचं काय करायचं ते वकिलाला विचारा, ते टाळू नका. दुसरी नोकरी शोधायला लागा. त्यात अविश्वास काही नाही. भीती वाटली तर मार्क ९ मध्ये आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या त्या बापासारखं म्हणा, विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला परत पाठवलं नाही, त्याचा मुलगा बरा केला.

आणि प्रायश्चित्ताचा उपास या महिन्यात नको. पोटभर जेवा, प्रार्थना करा, आणि बिलं टेबलावर यायच्या आधीच साहेबांना जाऊन सांगा, यावर मी सही करणार नाही.

तुमची,
ताई