आइसबर्ग प्रोफाइल पाहून संघासाठी खेळाडू निवडावेत का?

नाही, निवडीसाठी ते वापरू नका. त्यामागची चाचणी स्वभाव मोजतच नाही. क्रीडा मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांचा हा आलेख ज्या पोम्स (प्रोफाइल ऑफ मूड स्टेट्स) प्रश्नावलीवर उभा आहे, तिच्यातले 65 शब्द गेल्या आठवड्यातली मनःस्थिती विचारतात: ताण, खिन्नता, राग, थकवा, गोंधळ आणि जोम. यशस्वी खेळाडूंचा जोम सरासरीच्या वर आणि बाकी पाच खाली, म्हणून हिमनगाचं नाव. पण 1995 मध्ये राउली आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामगिरीतल्या फरकाचा एक टक्काही त्यातून उलगडला नाही. शिवाय निवड यावर आहे हे कळलं की खेळाडू शोभतील अशीच उत्तरं देतात. अतिसराव ओळखायला मात्र ही प्रश्नावली खरंच कामाची: विश्रांतीच्या काळातली प्रत्येकाची नोंद ठेवा, मग दर आठवड्याला ताडून पाहा. जोम घसरून थकवा चढत राहिला, तर सरावाचा भार कमी करा.