पोदेराचा भोंगा आणि मेंदूसारखी चिप

या खेपेला एकाच कंपनीवर इतकी पत्रं आलीत की एफडी आणि म्युच्युअल फंडवाले प्रश्न पुढच्या अंकात घेते. कंपनी म्हणजे ब्रेनचिप, ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात असलेली, ‘अकिडा’ नावाची न्यूरोमॉर्फिक, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर चालणारी, चिप बनवणारी. गोव्यातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी मेलबर्नला नाहीतर पर्थला आहे, तिथून हे नाव इकडे पोचतं. मी सेबीची नोंदणीकृत सल्लागार नाही, त्यामुळे घ्या किंवा विका असं काही सांगणार नाही, पण कसं बघायचं ते मनापासून सांगते.

प्रश्न: आम्ही मडगावचे दोघे मावसभाऊ. दोघांकडे हे शेअर आहेत आणि गणपतीला घरी जमलो की आरती संपल्या संपल्या आमचा वाद सुरू. मी म्हणतो ही टेक्नॉलॉजी दुसऱ्या कोणाकडे नाही, इंटेल आणि आयबीएम अजून लॅबमध्येच अडकलेत, म्हणजे आपण पुढे. तो म्हणतो टेक्नॉलॉजी चांगली आहे पण पैसे कुठायत. मुळात ही चिप वेगळी काय करते तेसुद्धा आम्हाला नीट सांगता येत नाही. कोण बरोबर?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: आधी चिपचं बघू, कारण ते कळल्याशिवाय भांडण करण्यात अर्थ नाही.

सकाळी पोदेर, म्हणजे आपला पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो तेव्हा तुम्ही काय करता? घरात आपली कामं चालू असतात, भोंगा ऐकू आला की उठून दाराशी जाता. आता समजा तुम्हाला भोंगा ऐकूच येत नाही, मग दर मिनिटाला दार उघडून बघावं लागेल, पोदेर आला का, आला का, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा बाहेर कोणी नसणार. साधी चिप कॅमेऱ्याचं चित्र किंवा माइकचा आवाज असाच सारखा तपासत बसते, काही बदललेलं नसलं तरी सगळा हिशोब पुन्हा, आणि त्यात बॅटरी जाते. न्यूरोमॉर्फिक चिप भोंग्याची वाट बघते. काहीतरी बदललं की एक टोचा येतो, त्याला स्पाइक म्हणतात, आणि तेवढ्यापुरताच हिशोब होतो. आपला मेंदू असाच चालतो आणि सगळा मिळून साधारण 20 वॅट खातो, एका छोट्या बल्बाइतके. ही कल्पना काही कालची नाही, अमेरिकेतल्या कॅलटेकच्या कार्व्हर मीड यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी न्यूरोमॉर्फिक हा शब्द रूढ केला. अकिडा हा शब्दही ग्रीकमधला, अर्थ टोक, म्हणजे स्पाइकच.

तर टेक्नॉलॉजी खरी आहे, याबद्दल तुम्हा दोघांचं एकमत आहे आणि माझंही. पण ‘दुसऱ्या कोणाकडे नाही’ हे नाही पटत. आयबीएमने ट्रूनॉर्थ नावाची अशीच चिप 2014 मध्ये दाखवली, दहा लाख न्यूरॉन आणि खर्च 70 मिलीवॅटच्या आसपास. इंटेलची लोइही 2017 ची, लोइही 2 आली 2021 ला, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये अशा 1152 चिपा एकत्र जोडून त्यांनी हाला पॉइंट ही मशीन अमेरिकेतल्या सँडिया या सरकारी संशोधन लॅबला दिली. हे संशोधनासाठीच, दुकानात विकायला नाही, तेवढं तुमचं खरं. फक्त मी ते उलट्या बाजूने वाचते. इंटेलसारख्या कंपनीने एवढी वर्षं हात घातलेला असूनही माल दुकानात आणलेला नाही, तर अडचण कुठेतरी गिऱ्हाइकाच्या बाजूला आहे. इंजिनियर लोकांना नेहमीच्या टूलवर काम करायची सवय, स्पाइकवाल्या नेटवर्कला शिकवणं वेगळं आणि कटकटीचं, आणि ज्याला दारावरच्या कॅमेऱ्यात माणूस ओळखायचाय त्याला आतली चिप मेंदूसारखी आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला किंमत आणि बॅटरी कळते.

आता तुमच्या भावाचा प्रश्न, पैसे कुठायत. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण खरी मेख इथे आहे.

माझ्या वडलांकडे सेसा गोवा या लोहखनिजाच्या कंपनीचे थोडे शेअर होते. ते बॅलन्सशीट वाचायचे नाहीत, पण पणजीला बसने जाता येता मांडवीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्ज मोजायचे, आज भरलेल्या किती गेल्या मुरगावच्या बाजूला. घरी आल्यावर आईला आकडा सांगायचे. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा कोणी सांगायच्या आधीच त्यांना नदीत दिसलं. ब्रेनचिपसारखी कंपनी मुख्यतः डिझाइन विकते, चिपचा आराखडा दुसऱ्याला लायसन्सवर देते आणि त्याने चिप बनवून विकली की प्रत्येक नगामागे रॉयल्टी. लायसन्स फी म्हणजे भाडेकरूचं डिपॉझिट आणि रॉयल्टी म्हणजे महिन्याचं भाडं समजा. डिपॉझिट आलं म्हणून भाडं सुरू झालं असं नव्हे. 2020 च्या डिसेंबरात जपानच्या रेनेसास या चिप कंपनीबरोबर करार झाला, 2021 ला मेगाचिप्सबरोबर, दोन्ही वेळा शेअरधारक खूश. 2022 ला कंपनीचं उत्पन्न साधारण 50 लाख अमेरिकन डॉलर झालं, त्यातलं बरंचसं लायसन्सचं, आणि 2023 ला तेच अडीच लाखांच्याही खाली. तोटा मात्र दोन्ही वर्षी दोन कोटी डॉलरच्या वर. म्हणजे डिपॉझिट एकदा आलं, भाडं अजून सुरू झालेलं नव्हतं.

शेअरच्या किमतीचंही तसंच. 2022 च्या जानेवारीत मर्सिडीजने व्हिजन ईक्यूएक्सएक्स ही कार दाखवली, त्यात ‘हे मर्सिडीज’ हा आवाज ओळखायला अकिडा होती आणि मर्सिडीजने ती नेहमीच्या पद्धतीपेक्षा पाच ते दहा पट काटकसरी असल्याचं सांगितलं. शेअर दोन ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. पण ती कॉन्सेप्ट कार, शोरूममध्ये येणारी नव्हे. 2023 संपता संपता भाव 20 सेंटच्या आसपास होता. मर्सिडीजचं म्हणणं खोटं नव्हतं, लोकांनी तेवढी एकच बार्ज बघून अख्खी खाण डोळ्यांसमोर आणली.

तर कोण बरोबर म्हणाल तर तुम्ही चिपबद्दल बरोबर, भाऊ कंपनीबद्दल बरोबर, आणि शेअर हा कंपनीचा असतो.

प्रश्न: स्पर्धक नक्की कोण धरायचे? मित्र इनाटेरा, सिनसेन्स अशी नावं घेतात. आणि एकजण तर हिला पुढची एनव्हिडिया म्हणतो.
— एक इंजिनियरिंगची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: इनाटेरा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची, सिनसेन्सची मुळं झुरिकची, दोन्ही स्पाइकवाल्याच आणि दोन्ही खाजगी, त्यांचे शेअर बाजारात नाहीत. मेंदूसारखी चिप हवी असलेल्या छोट्या गुंतवणूकदाराला बाजारात पर्यायच थोडे, आणि म्हणून ब्रेनचिपभोवती इतकी भक्ती जमते असं मला वाटतं.

पण बाय, माझ्या मते खरा स्पर्धक न्यूरोमॉर्फिक नाहीच. आर्म कंपनी इथॉस नावाचे छोटे एआयचे ब्लॉक विकते, साध्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या स्वस्त चिपमध्ये, बसणारे, आणि आर्मवर काम करणारे इंजिनियर जगभर पडलेत. रेनेसासचंच बघ, तिने अकिडाचं लायसन्स घेतलं आणि तिच्याकडे स्वतःचा डीआरपी-एआय नावाचा एआय प्रोसेसरही आहे. गिऱ्हाइकाच्याच घरात पर्याय असेल तर त्याला तुझी गरज किती? मासळी बाजारात बाजूला बसलेल्या मासेवालीशी स्पर्धा असते तशी घरच्या फ्रिजमधल्या मासळीशीही असतेच. तुझ्या मित्रांना विचार, अकिडा इनाटेरापेक्षा चांगली का हे ठीक, पण मायक्रोकंट्रोलरबरोबर जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एआयपेक्षा ती इतकी चांगली आहे का की कोणी वेगळे पैसे मोजेल? मिलीवॅटच्याही खाली चालायचं असेल, कानातलं मशीन, अंगावरचा सेन्सर, उपग्रह, अशा ठिकाणी उत्तर हो असू शकतं, 2024 ला आलेली अकिडा पिको त्याच जागेसाठी आहे.

एनव्हिडियाचं थोडक्यात सांगते. एनव्हिडियाकडे एआयच्या आधीपासून गेमिंगची कार्डं विकून येणारा पैसा होता, त्याच कार्डांवर 2006 मध्ये तिने कुडा, म्हणजे त्या कार्डांवर इतर हिशोब करून घेण्याचं सॉफ्टवेअर, आणलं आणि लोक शिकत गेले. ब्रेनचिपचा असा पाया अजून तयार व्हायचाय. शिवाय एनव्हिडिया मुख्यतः डेटा सेंटरची, ब्रेनचिप बॅटरीवरच्या उपकरणांची.

प्रश्न: कंपनीच्या घोषणा भरपूर येतात, टाटा एल्क्सीचंही नाव 2023 ला आलं होतं. त्यातलं काय वाचायचं आणि काय सोडायचं?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा

उत्तर: तुम्ही बँकेत होता म्हणजे तुम्हाला हे पटकन जमेल. ‘भागीदारी’ हा शब्द असलेली घोषणा आली की त्यात रक्कम आहे का बघा, नसेल तर ती ओळखपाळख समजायची, वाईट नाही पण पैशातली नाही.

घोषणेपेक्षा तिमाहीचं अपेंडिक्स 4सी हे कागद उघडा. ऑस्ट्रेलियाच्या बाजारात अशा कंपन्यांना दर तिमाहीला ते द्यावं लागतं आणि ते बँकेच्या पासबुकासारखं असतं, गिऱ्हाइकाकडून खरोखर किती आले, पगाराला किती गेले. शेवटाकडे एक ओळ असते, हातातला पैसा अजून किती तिमाह्या पुरेल. दोनपेक्षा कमी आला तर पुढे काय करणार हे कंपनीला तिथेच लिहावं लागतं. पैसा संपत आला की नवे शेअर काढले जातात आणि तुमचा वाटा पातळ होतो, सोलकढीत पाणी घालत गेल्यासारखा. या कंपनीचे शेअर दीड अब्जाच्या वर आहेत, म्हणून ‘भाव किती स्वस्त, काही सेंटच’ असं म्हणू नका, भावाला शेअरच्या संख्येने गुणा आणि मग स्वस्त की महाग ठरवा.

आणखी एक, तिथल्या छोट्या शेअरधारकाच्या हातात आपल्यापेक्षा धारदार हत्यार आहे. 2011 पासून ऑस्ट्रेलियात दोन स्ट्राइकचा नियम आहे, साहेब लोकांच्या पगाराच्या अहवालाविरुद्ध लागोपाठ दोन वार्षिक सभांत 25 टक्के किंवा जास्त मतं पडली तर संचालक मंडळ पुन्हा निवडायचं का यावर मतदान घ्यावं लागतं. तेव्हा मतपत्रिका आली की टाकून देऊ नका, भरून पाठवा.

प्रश्न: माझ्या यजमानांनी बँकेतून पैसे पाठवून बाहेरच्या ब्रोकरकडे हे शेअर घेतले. रिटर्न ते दरवर्षी आयटीआर-1 भरतात. चालेल ना?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर: नाही चालणार, आणि हे या अंकातलं सगळ्यात तातडीचं. परदेशी शेअर असले की आयटीआर-1 भरता येत नाही, आयटीआर-2 किंवा धंदा असेल तर 3, आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं, शेअर विकले नसले तरी, तोट्यात असले तरी. ते आपल्या एप्रिल-मार्चचं नसून जानेवारी ते डिसेंबरचं असतं, तिथे बरेचजण चुकतात. घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण 20 लाखांच्या वर असेल आणि ती दाखवली नाही तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. पाठवताना वर्षाला 10 लाखांवर गेलात तर वरच्या रकमेवर बँकेने 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला असेल, तो बुडत नाही, रिटर्नमध्ये परत मागा. 24 महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर 12.5 टक्के.

आता खास आपल्या गोव्याचं. तुमचं लग्न इथल्या नागरी कायद्याखाली झालं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवराबायकोत अर्धं अर्धं होतं, शेअरचा नफासुद्धा. म्हणजे यजमानांनी विकले की अर्धा नफा तुमच्या रिटर्नमध्ये, दोघांनी शेड्यूल 5ए भरायचं आणि एकमेकांचा पॅन टाकायचा. बाहेरगावच्या सीएला हे कधीकधी माहीत नसतं, म्हणून इथलाच सीए बघा आणि शेड्यूल एफए तुमच्याही रिटर्नमध्ये कसं दाखवायचं ते त्याच्याकडून लिहून घ्या. जाताना ब्रोकरचं जानेवारी-डिसेंबरचं स्टेटमेंट, बँकेची पैसे पाठवल्याची पावती आणि मागच्या वर्षांची भरलेली रिटर्नं, तिन्ही घेऊन जा.