वहिनीचा कीबोर्ड वहिनीकडेच राहू दे

प्रश्न: ताई, माझी वहिनी ३९ वर्षांची, बीकॉम, बरीच वर्षं एका ट्रेडिंग फर्ममध्ये अकाउंट्स बघतीये. आता पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकतीये. मी आयटीत, म्हणून अडलं की मला हाक मारते, मी दोन मिनिटांत करून देतो, पण दुसऱ्या दिवशी गाडी परत तिथेच. आता म्हणते या वयात हे डोक्यात शिरत नाही, सोडते. काय करू? – एक दीर, नाशिक

उत्तर: अरे बाबा, दोन मिनिटांत करून देतोस ना, तीच तर गोची आहे. टाइप तू करणार, ती बघणार, मग शिकलं कोण? कीबोर्डला हातच लावू नकोस. एरर आली की नवीन माणूस ती लांबलचक लाल अक्षरं बघूनच गार पडतो, पण पायथनमध्ये मुद्द्याचं बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या ओळीत असतं, तेवढी ओळ तिला मोठ्याने वाचायला सांग आणि गप्प बस (आयटीवाल्यांना नेमकं हेच जमत नाही). ‘नेमएरर’ दिसली तर बऱ्याचदा स्पेलिंग चुकलेलं असतं, तिचं तिला सापडेल.

ती कुठले व्हिडिओ बघते तेही एकदा बघ. पायथन २ या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला तरी तेव्हाचे व्हिडिओ अजून फिरतायत, त्यात ‘प्रिंट’ या कमांडला कंस नसतो, तसंच्या तसं टाइप केलं की आजच्या पायथनमध्ये एरर येणारच, आणि बिचारीला वाटतं आपलंच डोकं चालत नाही.

आणि ते कॅल्क्युलेटर, गेम वगैरे प्रोजेक्ट कशाला? दर महिन्याला ती परचेस रजिस्टर जीएसटीच्या २बी शी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळवत असेलच की! दोन एक्सेल फाइली, ‘पांडाज’ने (पायथनमधलं तक्त्यांसाठीचं तयार टूल) जोडायच्या, न जुळलेली बिलं बाजूला काढायची. एकीकडे बिल नंबर ००७ आणि दुसरीकडे नुसता ७ असला की कोड त्यांना वेगळं धरतो, पण बिल एकच आहे हे ती बघताक्षणी सांगेल, तू नाही सांगू शकणार. फक्त ऑफिसचा खरा डेटा नको, खोटी नावं टाकून फाइल बनवा.

बाकी संध्याकाळच्या पोळ्या कोण करतं तुमच्याकडे? आठवड्यातून तीन दिवस ते तू आणि तुझा भाऊ बघा, तिला सलग तासभर मिळू दे.

नोकरी एवढ्यात सोडू देऊ नकोस. ‘जॉब गॅरंटी’ म्हणत मोठी फी मागणाऱ्या क्लासचा फोन आला, तर हप्ते म्हणजे तिच्या नावावर लोन आहे का ते सहीआधी नीट वाचा, दोघं मिळून.